रुळापासून की पाण्यापासून

जुन्या वस्तू जपणाऱ्या माणसापुढे एक धर्मसंकट कधी ना कधी उभे राहतेच. आपण जपले ते नेमके काय, ती वस्तू की तिच्या शेजारी उभे असलेले आपण, एवढाच त्यातला प्रश्न असतो. प्रश्न लहान आहे. उत्तर देताना मात्र भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. ज्याने दुसऱ्यांच्या स्मृतीची राखण करायची, त्याने स्वतःची स्मृती दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून आत यावे, असा एक सभ्य संकेत आहे. अण्णांना तो ठाऊक होता. किंबहुना संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या भाषणात तो त्यांनीच सांगितला होता. आणि त्यानंतर काही महिन्यांतच प्रवेशदाराच्या अगदी समोर, काचेच्या कपाटात, ते स्वतः उभे राहिले होते.

ते म्हणजे त्यांचा पुतळा. हा पुतळा मूळचा कापडाच्या दुकानातला. दुकान बुडाले तेव्हा त्याला इथे नोकरी लागली. अण्णांनी स्टेशनमास्तर म्हणून शेवटच्या दिवशी घातलेला गणवेश त्याच्या अंगावर चढला, छातीवर शिट्टी आली, हातात हिरवा बावटा आला, ओठावर मिशी रंगवली गेली. कंबर मात्र दुकानातलीच राहिली. "लग्नात असे दिसला असतात," माई तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "तर मी एवढी मान खाली घालून बसले नसते." पुतळ्याखालची पाटी अण्णांनी स्वतः लिहिली होती: 'वक्तशीर, कर्तव्यकठोर व विनम्र'. आधी 'अतिविनम्र' असे लिहिले होते. मग विनयाने 'अति' खोडले.

संग्रहालय बंदराच्या धक्क्यावरच्या जुन्या इंजिन शेडमध्ये होते. एके काळी जहाजांना भेटायला गाडी थेट धक्क्यापर्यंत येत असे, आणि या घराण्याचे निम्मे पुरुष त्या गाडीवर, निम्मे त्या जहाजांच्या वाटेवर पोट भरत. दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहिलेल्या माणसाची जी अवस्था होते तीच या घराण्याची झाली होती: पडत नव्हते, पण पुढेही जात नव्हते. शेडच्या डाव्या भिंतीशी सिग्नलचे कंदील, तिकिटे छापायचे यंत्र, रूळ जोडायच्या फिशप्लेटा. उजव्या भिंतीशी होकायंत्रे, भोंगे, दोरखंडांच्या गाठींचे फलक. आणि मधल्या रुळांवर, लाकडी घोडीवर चढवलेली, ताज्या रंगाने चमचमणारी, जहाजांना वाट दाखवणारी ती पायलट बोट.

आज तिला पाण्यात उतरवायचे होते. त्यासाठीच सगळे जमले होते. आणि ती आत्ता, भर दुपारी, दारात अडकली होती.

"थांबा! थांबा रे! ओढू नका!" तात्या दोन्ही हात वर करून ओरडले. ते अण्णांचे धाकटे भाऊ. उभी हयात त्यांनी परक्या जहाजांना वाट दाखवत बंदरात आणून लावले होते. एवढी अजस्र जहाजे ज्याने अंधारातून, धुक्यातून बिनओरखड्याची आणली, त्याच्या स्वतःच्या बोटीच्या केबिनचे छप्पर दाराच्या दगडी कमानीला घासून उभे होते, आणि वरून चुन्याची भुकटी त्याच्या टकलावर पडत होती.

ट्रॉली ओढणारा विंच अण्णांच्या मुलीने बंद केला. ही मुलगी पूल बांधते. तिने चार पावले मागे जाऊन डोळे बारीक करून कमानीकडे पाहिले आणि काहीच बोलली नाही. इंजिनियर लोक काहीच बोलत नाहीत तेव्हा परिस्थिती गंभीर असते.

"अण्णा," तात्यांनी टक्कल पुसत विचारले, "दाराची उंची तूच सांगितली होतीस ना?"

"सांगितली होती, आणि बरोबर सांगितली होती. दार मी तीनदा मोजलंय."

"मग मीही बोट मोजूनच बांधलीय. तुझ्या मापापेक्षा चार बोटं कमीच ठेवली केबिन."

"मग कमान काय रात्रीत खाली बसली?"

"बोटच वाढली असेल," तात्यांचा मुलगा म्हणाला. तो दंतवैद्य होता आणि जगातली प्रत्येक अडचण त्याला जबड्यातलीच वाटे. "अक्कलदाढ अशीच येते. उशिरा येते आणि जागा नसताना येते."

"तू गप रे," तात्या म्हणाले.

बोट शेडमध्ये आली तेव्हा अडचण नव्हती, कारण तेव्हा तिला केबिनच नव्हती. भंगारातून सोडवून आणलेला तो नुसता सांगाडा होता. सुकाणूची ती केबिन तात्यांनी वर्षानुवर्षे इथेच, जुना एक फोटो भिंतीला टाचून, फळीफळीने उभी केली होती. वडील या बोटीचे सारंग होते. फोटोत ते केबिनच्या दारात उभे होते आणि त्यांच्या कोपराखालून एक दोन वेण्यांची पोरगी डोकावत होती.

"काका," मुलीने शांतपणे विचारले, "तुम्ही बोटीची उंची कुठपासून मोजलीत?"

"कुठपासून म्हणजे? पाणरेषेपासून. बोट जिथवर बुडते तिथून वर ती उंची. पाण्याखाली असते ती खोली. हे काय विचारणं झालं?"

"आणि अण्णा, तुम्ही दार कुठपासून मोजलंत?"

"रुळाच्या माथ्यापासून!" अण्णा म्हणाले. "रेल्वेत जगातली प्रत्येक उंची रुळापासूनच..."

आणि ते थांबले. तात्याही थांबले. दोघांच्याही चेहऱ्यावर एकाच वेळी तोच प्रकाश पडला, आणि एकाच वेळी दोघांनीही तो परतवून लावण्याचा प्रयत्न केला.

"म्हणजे," माई हिशेब लावत म्हणाल्या, "पाण्याच्या वरचं भावजींनी मोजलं. रुळाच्या वरचं ह्यांनी मोजलं. आणि बोटीचं बूड?"

"बूड कोणीच मोजलं नाही," मुलगी म्हणाली.

"बिनबुडाचे मेले!" दाराबाहेरून आवाज आला. "मी लहानपणापासून सांगतेय."

हा आवाज अक्काचा होता. अक्का म्हणजे दोघा भावांची थोरली बहीण, फोटोतली ती दोन वेण्यांची पोरगी. ती आज घडीच्या खुर्चीत, मांडीवर शाल घेऊन, दाराबाहेरच्या सावलीत बसली होती. तिचे आयुष्य परिचारिका म्हणून गेले. मोठमोठ्या शल्यविशारदांना तिने पुन्हा हात धुवायला माघारी पाठवले होते. येत्या सोमवारी तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी भावांना बाजूला घेऊन जे सांगितले ते अक्काने त्यांचे चेहरे पाहूनच वाचले होते. "मला शब्द नका सांगू," ती म्हणाली होती, "मी हे शब्द लोकांना जन्मभर सांगितलेत." मग तिने एकच मागणे मागितले. वडील बोटीत डुलकी काढत तेव्हा सुकाणू तिच्या हाती असे. पुढे मुलगे मोठे झाले आणि सुकाणू मुलग्यांकडे गेले, कारण तशीच रीत होती आणि त्या रीतीला कोणी काही विचारले नाही. ऑपरेशनच्या आधी एकदा तिला ते सुकाणू हातात हवे होते. पाण्यावर.

आणि पाणी थांबणार नव्हते. धक्क्याचा उतार गाळाने भरला होता; उधाणाच्या भरतीलाच पाणी तिथवर पोचे. आजचे उधाण चढू लागले होते. पुढचे पंधरवड्याने.

यापुढे जे झाले ते या घराण्यात नेहमी होते तसेच झाले, म्हणजे सगळे एकदम बोलू लागले. अण्णांचे म्हणणे, केबिनचे छप्पर कापा. तात्यांचे म्हणणे, कमान फोडा. बोट आडवी करून काढू म्हणावे तर तिच्या फळ्या उकलतील, असे तात्या म्हणाले. घोडी काढून नुसत्या ट्रॉलीवर ठेवू म्हणावे तर तरीही हातभर जास्तच, असे मुलगी म्हणाली. इथवर ठीक होते. पण मग पक्ष पडले, आणि ते भलत्याच जागी पडले.

"कमान पाडली तरी भिंत उभी राहील," अण्णांची मुलगी म्हणाली. "वजन बाजूच्या खांबांवर आहे. मी जबाबदारी घेते."

"तू माझी मुलगी आहेस की त्याची?" अण्णांनी विचारले.

"मी पुलांची आहे, अण्णा."

"काकांची कमान फोडायची नाही," दंतवैद्याने आपल्या बापाला ठणकावले. "स्टेशन पाडलं तेव्हा ही एकच वस्तू वाचली. ती पाडून आपण संग्रहालय कसलं म्हणवणार? केबिन कापा. टोपी काढण्यासारखं आहे ते. पुन्हा बसवता येते."

"पुन्हा बसवता येते!" तात्यांचा आवाज चिरकला. "दात काढताना पण असंच सांगतोस का रे लोकांना?"

"भावजी, मी तुमच्या बाजूनं," माई म्हणाल्या. "एवढी वर्षं राबलात. ह्यांची कमान काय, पाऊस पडला तर गळतेच."

"अगं, पण तू निदान..."

"मी निदान काय? घरी बोलू ते."

असे प्रत्येकाचे माणूस दुसऱ्याच्या गोटात गेले. अण्णांनी मनातल्या मनात नोंद केली की ज्या माणसाला बायको आणि मुलगी एकाच दुपारी सोडून जातात आणि त्याच्या बाजूला एक दंतवैद्य तेवढा उरतो, त्याने आपल्या बाजूचा फेरविचार करावा. पण फेरविचार हा त्यांच्या खात्यातला विषय नव्हता. गाडी सुटल्यावर मास्तर फेरविचार करत नाही.

"टोकन काढा," अक्का बाहेरून म्हणाली.

टोकन म्हणजे पितळेची एक वाटोळी चकती. एकेरी मार्गावर ज्या ड्रायव्हरच्या हाती टोकन त्याचीच गाडी पुढे जाते. समोरून दुसरी सोडता येत नाही. आजोबा धक्क्यावरच्या स्टेशनात सांधेवाले होते. घरात दोन माणसे एकदम बोलू लागली की समोरासमोर धडक ठरलेली, हे ओळखून त्यांनी हा नियम घरी आणला: ज्याच्या हाती चकती, तोच बोलेल. दर्यावर्दी शाखेने पिढ्यान् पिढ्या या नियमाची टर उडवली आणि पिढ्यान् पिढ्या तो पाळला. मुलीने कपाटातून टोकन आणून तात्यांच्या हातात दिले.

तात्यांनी ते उलटसुलट फिरवून पाहिले.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "ते अण्णाला येतं. मला एवढंच सांगायचंय की ही केबिन मी छपराकडून खाली बांधली. वडिलांचं डोकं फोटोत छपराला टेकलेलं दिसतं. तेवढं एक माप मला खात्रीचं होतं. आधी छप्पर, मग बाकीचं. ते छप्पर कापायचं म्हणजे... जाऊ दे. पाण्यापासून मोजलं ते चुकलं माझं. पण पाणी असतं ना, तर बरोबर असतं."

हे ऐकताना अण्णांना भावाकडे पाहवेना, म्हणून त्यांनी खाली पाहिले. खाली फळ्या होत्या. रुळांच्या मधोमध, दारापासून आत शेडच्या पोटापर्यंत, आणि दाराबाहेरही थोड्या, जाड स्लीपरच्या फळ्या ओळीने घातलेल्या होत्या, आणि त्यांची टोके रुळांखालून बाजूला लांब गेली होती. अस्वस्थपणे त्यांनी पाय हलवला. फळीखालून पोकळ आवाज आला.

आणि अण्णांना सुचले.

फळ्यांखाली पीट होता. इंजिनाच्या पोटाखाली उतरून काम करण्यासाठी शेडमध्ये रुळांच्या मध्ये खणलेला, दगडाने बांधलेला, माणूसभर खोल खड्डा. संग्रहालय सुरू करताना प्रेक्षक पडू नयेत म्हणून तो त्यांनीच झाकवला होता. खड्डा म्हणजे माणसाने उतरायची जागा, एवढेच सगळ्यांच्या डोक्यात होते. बोट त्यात उतरेल हे कोणाच्या स्वप्नात येईल? पण बोटीचा कणा रुळांच्या मध्ये खाली सोडला, ती घोडीवरून काढून पट्ट्यांनी टांगली, तर ती हातभर काय, त्याहून जास्त खाली बसेल. रूळ हेच पाणी, असे धरायचे. मग तात्याचे माप बरोबर. मग आपलेही माप बरोबर. त्यांच्या अंगावर आनंदाने काटा आला.

तो काटा उतरायच्या आत त्यांनी डोळे वर केले. दाराच्या समोर, बोटीची वाट तेवढी सोडून, त्या फळ्यांच्याच टोकांवर, खाली चार बोल्ट मारून घट्ट बसवलेले काचेचे कपाट होते. आत अण्णा उभे होते.

कपाट काढायचे म्हणजे बोल्ट कापायचे. बोल्ट कापायचे म्हणजे काच तडकणार. पीट एकदा उघडला म्हणजे तो पाहायला लोक येणार, मुले वाकून पाहणार, आणि मग तो कधीच झाकला जाणार नाही. आणि दारासमोरची ती जागा, जिथून आत येणारा प्रत्येक माणूस आधी अण्णांना भेटतो आणि मग इतिहासाला, ती जागा गेली. कोपऱ्यात ठेवतील. फिशप्लेटांच्या मागे. पाटी कोण वाचणार तिथे?

आता अण्णांच्या मनाने काय केले ते सांगायला संकोच वाटतो. पण चांगल्या माणसांची मने अशीच असतात, आणि वाईट माणसांची कशी असतात हे पाहण्याची या घराण्याला कधी गरज पडली नाही. त्यांनी प्रथम असे ठरवले की कल्पना अव्यवहार्य आहे. मग तपासले, ती व्यवहार्य होती. मग असे ठरवले की कोणा दुसऱ्याला सुचली तर आपण मोठ्या मनाने ती मान्य करू. मुलीकडे पाहिले, ती कमानीचे दगड मोजत होती. तेव्हा असे ठरवले की मुलीला पंधरवड्यात सुचेलच, आणि पुढचे उधाण आहेच. मग त्यांना आठवले की पुढच्या उधाणाच्या आधी सोमवार आहे. इथे ठरवणे थांबले. त्यांनी पुतळ्याकडे पाहिले. पुतळा नेहमीप्रमाणे ताठ मानेने पुढे पाहत होता. पुतळ्यांचे हे एक बरे असते.

"अण्णा कान चोळतोय," अक्का म्हणाली.

अण्णांनी झटकन डाव्या कानावरचा हात काढला.

"अक्का, टोकन तुझ्याकडे नाही," तात्या म्हणाले.

"मग दे इकडे." तात्यांनी बाहेर जाऊन टोकन तिच्या हातात ठेवले. तिने ते शालीवर पुसले. "हे बघा. तुम्ही एकमेकांचं काही कापू नका, काही फोडू नका. मला बोटीत चढवा. इथेच, अशीच दारात अडकलेली असू दे. मी सुकाणू धरून बसते घटकाभर. डोळे मिटले की झालं. मला पाणी आठवतं."

दंतवैद्याने चष्मा काढून पुसला, आणि पुसलेलाच पुन्हा पुसला. माईंनी पदर सारखा केला.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "असं नका हो बोलू."

"का? वाईट काय आहे त्यात? बापाच्या मांडीवर बसून मी अशीच शिकले, बोट धक्क्याला बांधलेली असताना." मग ती भावाकडे वळली. "आता अण्णा, तू घे हे."

"मला काही बोलायचं नाहीये."

"अरे, तू कान चोळलास म्हणजे तुझ्या पोटात काहीतरी आहे. आईनं विचारलं तेव्हा तू कान चोळायचास, मास्तरांनी विचारलं तेव्हा कान चोळायचास. माझ्या लक्षात येतं, मी नाडी बघणारी बाई आहे." तिने टोकन पुढे केले. "घे. लाइन मोकळी आहे. सोड गाडी."

अण्णांनी टोकन घेतले. पितळ तिच्या हाताने ऊबदार झाले होते. त्यांना भाषण येत असे, ही गोष्ट सर्वमान्य होती. पण त्या क्षणी त्यांच्याजवळ अलंकार, सुभाषित, इतिहास यांपैकी काहीच नव्हते.

"मला काढा," ते म्हणाले.

"कुठून काढा?" माईंनी घाबरून विचारले.

"तिथून." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवले. "ते कपाट काढा. फळ्यांखाली पीट आहे. फळ्या उचला, आतल्या नि बाहेरच्या. बोटीचा कणा रुळांच्या मध्ये खाली सोडा. रुळालाच पाणी समजा. मग तात्याचं माप बरोबर आहे."

मुलगी एकदम खाली बसली, फळीला कान लावला, वर ठोकले, आणि हसायला लागली. "अण्णा! ट्रॉलीच्या चाकांचे दोन जोड दोन टोकांना ठेवू, मधला पाट काढू, पट्ट्यांवर बोट टांगू. दारापलीकडे जॅकनं उचलून पुन्हा घोडीवर घेऊ. हे मला का सुचलं नाही?"

"तुला सुचेल असं वाटून मी बराच वेळ थांबलो होतो," अण्णा म्हणाले. वाक्य खरे होते, आणि म्हणूनच लाजिरवाणे होते. हे एकट्या अक्काला समजले. तिने शाल सारखी केली.

मग जी धावपळ झाली ती थोर नव्हती. कपाटाचे तीन बोल्ट निघाले. चौथा दंतवैद्याने "हा माझा" म्हणून हातात घेतला आणि मोठ्या कौशल्याने बोल्टाबरोबर काचेची एक बाजूही काढली. पुतळा बाहेर काढताना त्याचा बावट्याचा हात खांद्यातून निखळला. "दुखलं का?" माईंनी नवऱ्याला विचारले. पाटी कोणाच्या तरी पायाखाली आली, तिचे दोन तुकडे झाले: 'वक्तशीर, कर्तव्यकठोर' हा एक तुकडा आणि 'व विनम्र' हा दुसरा. अण्णांनी दुसरा उचलून खिशात घातला. ते कशासाठी, हे त्यांनाही सांगता आले नसते. पुतळ्याला धक्क्याच्या कडेला, बोटी बांधायच्या खुंट्याशेजारी उभे केले, हात पुन्हा अडकवला, आणि सगळे कामाला लागले.

फळ्या उचलल्या तशी खड्ड्यातून वर्षानुवर्षे कोंडलेली तेलाची, कोळशाची, ओल्या दगडाची हवा वर आली. अण्णा क्षणभर तिथेच थांबले. हा वास त्यांनी संग्रहालयातल्या एकाही कपाटात ठेवला नव्हता. आणि ज्यावर आपण इतकी वर्षे उभे होतो ते आपल्याहून खरे होते, असे त्यांना वाटून गेले. पण विचार करायला वेळ नव्हता. मुलगी ओरडत होती, "हळू, हळू, डावीकडून अजून सोडा!"

बोट खाली बसली. कणा रुळांच्या मधून अंधारात उतरला. तात्यांनी बोटीच्या पोटाला हात लावून ठेवला होता, आजारी गाईला लावतात तसा. विंच फिरला. केबिनचे छप्पर कमानीपाशी आले, आणि छप्पर कमानीखालून निघून गेले. मध्ये जागा उरली ती बरोबर चार बोटे.

"बघ!" तात्या ओरडले. "चार बोटं! मी म्हटलं नव्हतं?"

"माझ्या मापामुळे," अण्णा म्हणाले.

"माझ्या मापामुळे!"

"दोघांच्या बिनबुडाच्या मापामुळे," अक्का म्हणाली. "आता मला उचला कोणीतरी. पाणी आलंय."

पाणी खरोखरच आले होते. उताराच्या माथ्याला ते जिभेने चाटावे तसे लागत होते. बोट दाराबाहेर पुन्हा घोडीवर चढली आणि घोडीसकट उतारावरून खाली गेली, आणि एका क्षणी, कोणाच्या लक्षातही न येता, ओझ्याची बोट झाली. हलू लागली. तात्यांनी पाणरेषेकडे पाहिले. रंगवलेली रेघ पाण्याच्या रेघेवर टेकली होती. त्यांनी मान फिरवली आणि बराच वेळ कोणाकडेच पाहिले नाही.

मुलगी आणि दंतवैद्य यांनी खुर्चीसकट अक्काला उचलून आत ठेवले. माई तिच्या मागे गेल्या, हातात औषधांची पिशवी. तात्या इंजिनाशी बसले. अण्णा काठावर राहिले. ते कधीच बोटीत बसत नसत. धक्क्याला बांधलेल्या होडीत चहा पिऊनही त्यांना मळमळले होते, आणि ही गोष्ट दर्यावर्दी शाखेने तोंडी इतिहास म्हणून जपली होती.

"अण्णा, तुझं टोकन," अक्काने हात पुढे केला. ते कधी तरी पुन्हा तिच्याकडे गेले होते.

"तुझ्याजवळ राहू दे. टोकन असल्याशिवाय गाडी पुढच्या लाइनीत जात नाही."

"अरे, मी समुद्रात चाललेय."

"कुठेही चाललीस तरी नियम एकच. पोचल्यावर परत आणून द्यायचं असतं. ज्यानं नेलं त्यानंच."

अक्काने हात मागे घेतला. "सोमवारी ऑपरेशनच्या खोलीत धातूचं काही नेऊ देत नाहीत," ती म्हणाली. "मीच जन्मभर कोणाला नेऊ दिलं नाही."

"मग बाहेर माईकडे ठेव. पण परत तूच दे."

"हट्टी मास्तर."

"वक्तशीर," अण्णा म्हणाले. "कर्तव्यकठोरसुद्धा. तिसरं खिशात आहे."

बोट सुटली. तात्यांनी इंजिन हलके ठेवले, आणि अक्काने सुकाणूला दोन्ही हात लावले. बोटीने एक वळण घेतले, वेडेवाकडे, नाल्यात पाय घसरल्यासारखे. मग दुसरे घेतले, आणि ते सरळ होते. कोपऱ्यातून तात्या काही सांगायला गेले तसा वाऱ्यावरून तिचा आवाज आला: "तू गप बस. मला शिकवू नकोस."

काठावर दोन मास्तर उभे होते. एक ताठ, बारीक कमरेचा, हातात हिरवा बावटा. दुसरा वाकलेला, रुमाल हलवणारा, तेलाने काळा झालेला.

"अगं, त्यातला आपला कुठला?" अक्काने पाण्यावरून विचारले.

"हलतोय तो, वन्सं," माई म्हणाल्या.

अण्णांनी पुतळ्याच्या हातातला बावटा काढून घेतला आणि उंच धरला. बोट खाडीच्या मुखाकडे वळली, आणि दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा हात खाली आला नाही.

जे त्या दुपारी पाण्यावर होते आणि जे काठावर होते, त्या सर्वांना आपापल्या मापाइतके दार मिळो, आणि आपापल्या खोलीइतके पाणी. आणि ज्याच्या हाती टोकन दिले, त्याची गाडी सुखरूप परत येवो.